समुद्राचा तळ कोठे घडतो आणि कोठे मोडतो

२००५ सालच्या जानेवारीतली गोष्ट. मुंबईच्या गोदीबाहेर आमची नेहमीची गेटसभा होती. विषय होता कंत्राटी कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचा. पण त्या दिवशी निधीत कोणाचेच लक्ष नव्हते. २६ डिसेंबरच्या लाटांनी तामिळनाडू आणि अंदमानात जो हाहाकार केला होता, त्याचीच चर्चा सर्वत्र चालू होती. सभा संपताना रत्नागिरीकडचे एक वृद्ध खलाशी पुढे आले. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणत असू. ते म्हणाले, "भाऊ, तसं पाणी आपल्याकडं येईल काय हो?"

आम्ही त्यांना उत्तर देऊ शकलो नाही. संप केव्हा करावा आणि केव्हा मिटवावा, एवढे शास्त्र आम्हाला अनुभवाने ठाऊक झाले होते. पण ज्या पाण्याच्या काठावर आमची सारी हयात गेली, त्याच्या तळाशी काय आहे हे मात्र ठाऊक नव्हते. आमचे शिक्षण रात्रशाळेतले आणि पुढचे सार्वजनिक वाचनालयातले. तेव्हा त्याच वाटेने आम्ही पुन्हा निघालो. पुढे जे सांगावयाचे आहे ते या अभ्यासातून हाती लागलेले आहे. त्यात पांडित्य नाही. तात्यांच्या प्रश्नाचे उत्तर तेवढे आहे. मात्र ते एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी आधी समुद्राच्या तळावरून एक फेरफटका मारावा लागेल.

पहिला प्रश्न असा की, जो तळ कोणी पाहिलेला नाही, त्याचा आकार माणसाला कळला तरी कसा? आपला कोळी उथळ पाण्यात दोरीला वजन बांधून सोडतो आणि किती वाव पाणी आहे ते सांगतो. एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट. हीच रीत घेऊन 'चॅलेंजर' नावाचे ब्रिटिश जहाज १८७२ च्या डिसेंबरात निघाले आणि साडेतीन वर्षे जगाचे समुद्र फिरले. तागाची दोरी, तिच्या टोकाला जड वजन आणि ती वर ओढून घ्यावयास वाफेचे यंत्र. एका खोल मोजणीला तास न् तास लागत. १८७५ च्या मार्चमध्ये प्रशांत महासागरात त्यांची दोरी ४,४७५ वाव, म्हणजे आठ किलोमीटरांहून अधिक खाली गेली. पण एवढ्या सगळ्या कष्टांतून खोल समुद्राच्या मोजण्या झाल्या त्या पाचशेच्या आत! एखाद्या देशावरून रात्री विमानाने जावे, पाचशे ठिकाणी दोरी सोडावी आणि तेवढ्यावरून तेथले डोंगर व नद्या यांचा नकाशा काढावा, असाच तो प्रकार होता. साहजिकच लोकांची समजूत कायम राहिली की, समुद्राचा तळ म्हणजे गाळाने भरलेला एक सपाट, निर्जीव खड्डा.

ही समजूत मोडली ती आवाजाने. पाण्यातून आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो. जहाजाच्या बुडाशी आवाज करावयाचा, तो तळाला आपटून परत येईपर्यंतचा वेळ मोजावयाचा, की खोली कळली. चार किलोमीटर खोल पाण्यात प्रतिध्वनी यावयास पाच सेकंदांच्या थोडे वर लागतात. जेथे तास लागत होते, तेथे आता सेकंद लागू लागले. १९२५ ते १९२७ या काळात 'मेटेओर' या जर्मन जहाजाने दक्षिण अटलांटिकमध्ये अशा साठ हजारांहून अधिक मोजण्या केल्या. तळ सपाट नाही, हे मग कोणालाच नाकारता येईना.

आता आपण मुंबईहून निघू. अरबी समुद्राचे पाणी क्षणभर कोणी काढून घेतले आहे अशी कल्पना करावी आणि पश्चिमेकडे तोंड करून चालू लागावे.

पहिले कित्येक दिवस आपल्याला समुद्राचा खरा तळ लागणारच नाही. मुंबईसमोर सुमारे तीनशे किलोमीटरपर्यंत जमीन अगदी मंद उताराने खाली जाते. इतक्या मंद की चालणाराला उतार जाणवू नये. हिला शाळेच्या भूगोलात समुद्रबूड जमीन म्हणतात, आणि नाव अगदी यथार्थ आहे. हा भूखंडाचाच भाग आहे. फक्त पाण्याखाली गेलेला. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवरचे पुष्कळसे पाणी बर्फाच्या रूपाने जमिनीवर अडकून पडले होते आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा या जमिनीच्या मोठ्या भागावर ऊन पडत होते आणि पाऊस पडत होता. १९७४ साली ज्या 'बॉम्बे हाय' क्षेत्रात तेल सापडले, तेही याच जमिनीत, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरांवर आहे. दक्षिणेकडे केरळच्या बाजूला हीच जमीन पुष्कळ अरुंद होत जाते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. शेवटी तिचे काम पडणार आहे.

समुद्रबूड जमीन संपली की घाट लागतो. त्याला खंडान्त उतार म्हणतात. कोकणात उतरताना जसा पठाराचा कडा संपतो, तसा येथे भूखंडाचा कडा संपतो आणि दोनशे मीटरांवर असलेला तळ दोन-तीन हजार मीटरांवर जातो. या उतारावर जागोजाग खोल घळी कोरलेल्या असतात. पाण्याखाली नदी नाही, मग या घळी कोरल्या कोणी?

याचे उत्तर तारखात्याच्या तुटलेल्या तारांनी दिले. समुद्राखालून तारा टाकण्याचे युग १८६६ पासून स्थिरावले. १८७० मध्ये सुएझहून एडनमार्गे आपल्या मुंबईलाही अशी तार आली. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी कॅनडाच्या पूर्वेस न्यूफाउंडलंडजवळ समुद्रात भूकंप झाला. तेथल्या उतारावरून गेलेल्या काही तारा त्याच क्षणी तुटल्या. यात नवल नव्हते. पण त्यानंतर खालच्या बाजूच्या तारा एकामागून एक, ओळीने, तेरा तासांहून अधिक काळ तुटत राहिल्या! तार केव्हा मुकी झाली याची मिनिटवार नोंद तारघरात असते. कारकुनांच्या त्या नोंदी कागदांत पडून राहिल्या. १९५२ साली ब्रूस हीझेन आणि मॉरिस यूइंग या अमेरिकन संशोधकांनी त्या पुन्हा मांडल्या आणि उलगडा केला. भूकंपाने उतारावरचा गाळ सुटला होता. पाण्यात कालवलेला हा गाळ आजूबाजूच्या पाण्याहून जड असल्यामुळे लोंढ्यासारखा खाली धावत सुटला आणि वाटेतील तारा तोडत शेकडो किलोमीटर गेला. सुरुवातीला त्याचा वेग आगगाडीइतका होता. समुद्राखालच्या घळी कोरतात त्या अशा लोंढ्यांनी.

अरबी समुद्रात हेच काम प्रचंड प्रमाणात झालेले आहे. सिंधू नदीने हिमालय आणि काराकोरम खरवडून आणलेला गाळ अशाच लोंढ्यांनी खोल समुद्रात नेऊन पसरला आहे. त्याचा पंखा दक्षिणेकडे सुमारे दीड हजार किलोमीटर पसरलेला असून काही ठिकाणी त्याची जाडी हिमालयाच्या उंचीशी बरोबरी करील एवढी आहे. पर्वत एकीकडे उंच होतो आहे आणि दुसरीकडे कणाकणाने समुद्राच्या तळाशी जाऊन निजतो आहे.

या गाळाच्या मैदानातून मधूनच एखादा एकाकी डोंगर वर आलेला दिसतो. हे विझलेले ज्वालामुखी आहेत. आपल्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या अशा दोन डोंगरांना सर चंद्रशेखर वेंकट रामन आणि सागरशास्त्रज्ञ पणिक्कर यांची नावे दिलेली आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ दाराशा वाडिया यांच्या नावाचा तिसरा डोंगर माथ्याला सपाट आहे. पाण्याखालचा डोंगर सपाट कसा होतो? तर तो कधीकाळी पाण्याच्या वर होता. लाटांनी त्याचा माथा तासून काढला आणि मग तो, ज्या तळावर उभा होता त्या तळासकट, सावकाश खाली गेला. तळ खाली जातो, हे वाक्य चमत्कारिक वाटेल. त्याचा खुलासा पुढच्या मुक्कामी होतो.

नैर्ऋत्येकडे चालत मुंबईपासून सुमारे दोन हजार किलोमीटर गेलो की जमीन पुन्हा चढू लागते आणि समोर एक पर्वतरांग उभी राहते. हिचे नाव कार्ल्सबर्ग रांग. 'डाना' या डॅनिश जहाजाच्या १९२८ ते १९३० च्या सफरीत ती सापडली आणि त्या सफरीला पैसा पुरविणाऱ्या प्रतिष्ठानाचे नाव तिला मिळाले. ही रांग एकटी नाही. चेंडूवर शिवण असावी तशी सर्व महासागरांतून फिरणारी, सुमारे पासष्ट हजार किलोमीटर लांबीची एकच पर्वतमाला पृथ्वीवर आहे, आणि ही तिची आपल्याजवळची शाखा. मात्र हिच्या माथ्यावर एक विचित्र गोष्ट दिसते. शिखराच्या जागी लांबच लांब दरी आहे. जणू पर्वताला मधोमध भेग पडली आहे.

या दरीचा शोध कोणी लावला ते सांगितल्यावाचून आम्हाला पुढे जाववत नाही. अमेरिकेतल्या एका वेधशाळेत मेरी थार्प नावाच्या विदुषी काम करीत. त्या काळी संशोधन-जहाजांवर स्त्रियांना घेत नसत. तेव्हा हीझेन यांनी समुद्रावर जाऊन मोजण्या आणावयाच्या आणि थार्पबाईंनी त्या आकड्यांवरून घरी बसून तळाची चित्रे काढावयाची, अशी वाटणी झाली. १९५२-५३ च्या सुमारास अटलांटिकचे छेद शेजारीशेजारी ठेवताना त्यांच्या ध्यानात आले की, प्रत्येक छेदात पर्वताच्या माथ्यावर एक खाच आहे. ही भेग असेल तर तळ फाटतो आहे असा अर्थ निघतो. हीझेन यांनी प्रथम ही बायकी बडबड म्हणून उडवून लावली. पण त्याच कचेरीत दुसऱ्या एका टेबलावर समुद्रातील भूकंपांची ठिकाणे नकाशावर मांडण्याचे काम चालू होते. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले तेव्हा भूकंपांची ठिकाणे नेमकी त्या खाचेतून जात होती. मग बोलणे खुंटले. थार्पबाईंना प्रत्यक्ष जहाजावर पाय ठेवावयास मात्र पुढे दहा-बारा वर्षे लागली. ज्यांनी काम केले त्यांचे नाव हजेरीपटावर असावे, एवढीच आमची या बाबतीतली टीप.

दरी म्हणजे भेग, हे कळले. पण तेथे नेमके घडते काय? अमेरिकेच्या हॅरी हेस यांनी १९६२ साली सुचविले की, या भेगेतून खालचा शिलारस वर येतो, थिजतो आणि नवा तळ बनतो. आणि जुना तळ दोन्ही बाजूंना सरकतो. कल्पना सुंदर होती, पण पुरावा पाहिजे होता. तो पुरावा आपल्या अरबी समुद्राने दिला. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत १९६२ साली 'ओवेन' या ब्रिटिश जहाजाने कार्ल्सबर्ग रांगेवरून चुंबकत्व मोजण्याचे यंत्र ओढत नेले. तळाच्या खडकाच्या चुंबकत्वात पट्टे आढळले. एक पट्टा आजच्या उत्तरेकडे तोंड केलेला, त्याच्या शेजारचा उलट.

याचे मर्म असे. पृथ्वीचे चुंबकत्व अधूनमधून उलटते. शेवटचे उलटले ते सुमारे पावणेआठ लाख वर्षांपूर्वी. शिलारस थिजताना त्या वेळच्या चुंबकत्वाचा शिक्का खडकावर बसतो आणि मग पुसत नाही. तेव्हा भेगेच्या दोन्ही बाजूंना नवा तळ बनत असेल, तर सुलट-उलट शिक्क्यांचे पट्टे दोन्हीकडे सारखेच मिळाले पाहिजेत. फ्रेडरिक व्हाइन हा तरुण विद्यार्थी आणि त्याचे मार्गदर्शक ड्रमंड मॅथ्यूज यांनी हा विचार १९६३ साली प्रसिद्ध केला. त्याच वर्षी कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्ली यांनीही नेमका हाच विचार लिहून पाठविला होता, पण नियतकालिकांनी तो साभार परत केला. आज दोन्ही बाजूंची नावे एकत्र घेतली जातात, हे योग्यच झाले.

तर समुद्राचा तळ म्हणजे एक चालू कारखाना आहे. कार्ल्सबर्ग रांगेवर वर्षाला अडीच-तीन सेंटीमीटर नवा तळ तयार होतो. आपल्या बोटांची नखे साधारण त्याच बेताने वाढतात. नवा तळ ऊन असतो, म्हणून फुगलेला आणि उंच असतो. रांग उंच दिसते ती यामुळे. दूर सरकताना तो थंड होतो, आक्रसतो आणि खाली बसतो. वाडिया डोंगरासारखे सपाट माथे पाण्याखाली कसे जातात, याचा खुलासा हाच. सुमारे सव्वासहा कोटी वर्षांपूर्वी सेशेल्स बेटे आणि आपला पश्चिम किनारा एकमेकांना लागून होते. त्यांच्यामध्ये पडलेल्या भेगेतून आजचा हा सारा तळ निर्माण झाला. आणि त्याच्या थोडेसेच आधी जमिनीवर लाव्हाचे थरावर थर चढून आपला दख्खनचा काळा कातळ बनला होता. रायगडाच्या पायऱ्यांचा दगड आणि समुद्राच्या तळाचा दगड एकाच जातीचे आहेत, दोन्ही बेसाल्ट.

नवा तळ सारखा बनतो आहे, पण पृथ्वी तर फुगत नाही. म्हणजे जुना तळ कोठेतरी मोडीत निघत असला पाहिजे. जमिनीवर चारशे कोटी वर्षांचे खडक सापडतात. महासागरांच्या विस्तीर्ण तळावर मात्र अठरा-वीस कोटी वर्षांहून जुना खडक क्वचितच मिळतो. बाकीचा गेला कोठे? तो गेला गर्तांमध्ये. थंड आणि जड झालेला तळ दुसऱ्या भूपट्टाखाली वाकून पृथ्वीच्या पोटात शिरतो, आणि जेथे तो वाकतो तेथे समुद्रातील सर्वांत खोल चर पडतो. प्रशांत महासागरातली मारियाना गर्ता जवळजवळ अकरा किलोमीटर खोल आहे. आपल्या हिंदी महासागरात सुमात्रा-जावाच्या बाहेरून जाणारी सुंदा गर्ता सात किलोमीटरांहून खोल आहे.

हा तळ गुपचूप आत जात नाही. वरचा पट्ट आणि खालचा पट्ट एकमेकांत अडकून बसतात. खालचा रेटत राहतो, वरच्याची कड वाकत राहते. शेकडो वर्षे असा ताण साठतो आणि एके दिवशी सुटतो. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी सुमात्रापासून अंदमानपर्यंत सुमारे तेराशे किलोमीटर लांबीची ही शिवण उसवली. तळ काही मीटर वर उचलला गेला आणि त्याच्यावरचे किलोमीटर-किलोमीटर खोलीचे पाणीही उचलले गेले. सुनामी ती हीच. वाऱ्याची लाट पाण्याच्या पृष्ठभागावरची असते. ही लाट तळापासून वरपर्यंत सबंध पाण्याची असते. जगभर सव्वादोन लाखांहून अधिक माणसे गेली. आपल्या देशात दहा हजारांवर गेली, आणि चेन्नईला लाट पोहोचावयास सुमारे अडीच तास लागले होते. अडीच तास हाती होते, पण निरोप देणारे कोणी नव्हते.

आता तात्यांचा प्रश्न. आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागून अशी गर्ता नाही. येथे भूखंड आणि समुद्राचा तळ एकाच पट्टाचे असून एकमेकांना जोडलेले आहेत. एक दुसऱ्याच्या खाली जात नाही. कार्ल्सबर्ग रांगेवर भूकंप होतात, पण तेथे तळ फाटतो. गर्तेत साठतो तसा प्रचंड ताण तेथे साठत नाही. परंतु अरबी समुद्राच्या उत्तर टोकाला, पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्यापाशी, समुद्राचा तळ आशियाखाली शिरतो आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे तेथे मोठा भूकंप झाला. पसनी गाव उद्ध्वस्त झाले, आणि त्याच सकाळी सुमारे दोन मीटर उंचीच्या लाटा मुंबईत आल्या. आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावरूनही त्या दिवशी माणसे वाहून गेली. तेव्हा उत्तर असे: होय, येऊ शकते, एकदा आलेले आहे.

मात्र ते केव्हा आणि किती येणार, हे आपण आता चालून आलो त्या तळाच्या आकारावर ठरते. सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. चार किलोमीटर खोल पाण्यात ती ताशी सातशे किलोमीटर धावते. पन्नास मीटर पाण्यात ताशी ऐंशीवर येते. आपल्यासमोरची तीनशे किलोमीटर रुंद समुद्रबूड जमीन तिला मंद करते आणि आपल्याला वेळ देते. पण मंद झालेली लाट उंच होते, हेही विसरून चालणार नाही. कोणत्या खाडीत पाणी किती चढेल हे सांगावयाचे तर तळाचा नकाशा हवा. आणि २०२५ च्या मध्यापर्यंत जगाच्या समुद्रतळापैकी जेमतेम सत्तावीस टक्क्यांचेच नीट मोजमाप झाले होते.

१९६२ च्या त्या मोहिमेतूनच १९६६ साली गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. २००७ पासून हैदराबादला सुनामीचा इशारा देणारे केंद्र चालू आहे. समुद्रतळावर ठेवलेली यंत्रे पाण्याच्या दाबातला फरक तेथे कळवितात. मकरानला तळ हलला तर काही मिनिटांत हैदराबादला कळेल, आणि मुंबईपर्यंत लाट यावयास काही तास लागतील. १९२९ च्या तारा तुटल्या तेव्हा नोंदी होत्या, पण अर्थ लावावयास तेवीस वर्षे गेली. २००४ ला अडीच तास होते, पण निरोप नव्हता. आता अर्थही कळला आहे आणि निरोपही तयार आहे. उरले आहे ते एवढेच की, हैदराबादचा निरोप धक्क्यावरच्या हमालापर्यंत आणि कोळीवाड्यातल्या मासे सुकविणाऱ्या बाईपर्यंत वेळेत पोहोचला पाहिजे, आणि कोठल्या उंच जागी जावयाचे हे तिला आधीच ठाऊक असले पाहिजे. हे काम शास्त्रज्ञांचे नाही. ते आपले आहे; नगरपालिकेचे, शाळेचे, संघटनेचे.

तात्या निवृत्त होऊन गावी गेले होते. तेथे जाऊन हे सारे आम्ही त्यांना सांगितले. ते बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे भाऊ, भोंगा वाजला तर पळायचं, एवढं पोरांना शिकवायला हवं." आम्ही म्हटले, एवढेच. दुसऱ्या दिवशी ते गावच्या शाळेत मास्तरांना भेटावयास गेले.